मेजर प्राणिशास्त्र, मायनर मानसशास्त्र

७.३०. दुसऱ्या वर्षाचं लेक्चर. चेतातंतूतून विद्युतसंदेश कसा धावतो हे शिकवायचं तर हॉजकिन आणि हक्सली यांच्या म्हाकुळापाशी जावंच लागतं. म्हाकुळाचा एक चेतातंतू मिलिमीटरभर जाड भरू शकतो. म्हणून त्यात इलेक्ट्रोड घालता आला आणि १९५२ मध्ये त्या संदेशाचं गणित मांडता आलं. म्हाकूळ म्हटल्यावर रत्नागिरीकडची पोरं सावरून बसतात. फळ्यावर नर्न्स्टचं समीकरण आलं की मात्र वर्ग गप्प. बहुतेकांनी अकरावीला पीसीबी घेऊन गणिताला रामराम ठोकलेला असतो.

९.००. चहा, जर्नलांवर सह्या.

१०.१५. प्रवेश मार्गदर्शनाचं टेबल. नीटमध्ये मार्क कमी पडलेली एक मुलगी आणि तिचे वडील.

“हिला मेंदूचं शिकायचंय, मॅडम. म्हणजे पुढे मेंदूची डॉक्टर होईल ना?”

“नाही हो. त्याला एमबीबीएसच लागतं.”

“मग पेशंटशी बोलायचं काम?”

तेही या वाटेनं सरळ मिळत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर मानसशास्त्रातलं पुढचं शिक्षण आणि पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि नुसत्या मायनरवर मानसशास्त्राच्या एम.ए.ला घेतात का, हे प्रत्येक विद्यापीठाला आधी विचारावं लागतं. आईवडिलांना हे पहिल्याच दिवशी सांगावं, असं माझं मत आहे. प्रवेशाचा आकडा फुगवायला अर्धवट सांगणारे पुष्कळ आहेत.

तेवढ्यात मुलगी म्हणाली, “मला आठवण कशी साठते ते बघायचंय.”

आता बोलण्यात मजा आली. तिला एच. एम. नावानं ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाची गोष्ट सांगितली. आकडीवर उपाय म्हणून १९५३ मध्ये त्याच्या मेंदूतला दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पसचा बराच भाग काढला, आणि नवीन काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्याला आरशात बघून चांदणी गिरवायला लावली. रोज हात सुधारत गेला, पण आपण हे आधी केलंय याचा त्याला पत्ताच नव्हता. काय कापलं हे जीवशास्त्र सांगेल. काय विचारायचं हे मिल्नरना मानसशास्त्रानं शिकवलं होतं.

“म्हणजे दोन्ही निम्मं निम्मं?”

निम्मं नाही. चार वर्षांच्या पदवीला १६० ते १७६ क्रेडिट, त्यात मायनरच्या वाट्याला विसाच्या आसपास. न्यूरोसायन्स नावाची पदवी आमच्याकडे नाही, ती अशी जुळवावी लागते. मी कागदावर लिहून दिलं: मेजर प्राणिशास्त्र, मायनर मानसशास्त्र, ‘स्वयम्’वरून संख्याशास्त्र, उन्हाळ्यात पायथन. आणि बारावीचं गणित, स्वतःचं स्वतः, पहिल्या वर्षातच. शेवटच्या ओळीवर तिचा चेहरा पडला. तीच ओळ मी अधोरेखित केली. पुढे बंगळुरूच्या विज्ञान संस्थेत किंवा मानेसरच्या मेंदू संशोधन केंद्रात जायचं मनात असेल, तर तिथे लॉगपाशी अडून चालणार नाही.

१२.३०. डबा, आणि वेळापत्रकाची बैठक. धोरणात आंतरविद्याशाखीय वगैरे सगळं छान छापलेलं असतं. इथे बुधवारी दुपारी प्राणिशास्त्राचं प्रॅक्टिकल आणि त्याच वेळी मानसशास्त्र मायनरचा तास. शाखा दोन, इमारती दोन, वेळापत्रक करणारेही दोघे. चाळीस मिनिटं घासाघीस केल्यावर आमची एक बॅच गुरुवारी गेली. लॅब असिस्टंट नाराज, आणि त्यांचं चुकलं असं म्हणवत नाही.

३.००. मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत नवी वेळ कळवायला गेले, तर त्यांच्या मॅडमनी मलाच प्रयोगाला बसवलं. हिरव्या शाईत ‘लाल’, निळ्या शाईत ‘पिवळा’. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. स्ट्रूपचा १९३५ चा प्रयोग. मी अडखळत होते आणि घड्याळ लावून बसलेली पोरं खूश होती.

४.४५. दप्तर आवरताना त्या वडिलांचा फोन. फॉर्म भरलाय. हॉस्टेलला जागा आहे का, आणि मेसमध्ये भाकरी मिळते का? रेक्टरांचा नंबर दिला.