बांडगूळ : शिवी बाजूला ठेवा, बी रुजवून पाहा!

दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला आपण 'बांडगूळ' म्हणतो. भांडणात, भाषणात, अग्रलेखात हा शब्द सर्रास वापरला जातो. शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलाला तो ऐकवला जातो आणि रेशनच्या रांगेत उभ्या असलेल्या माउलीलाही ऐकवला जातो. पण हा शब्द वापरणाऱ्यांपैकी कितीजणांनी खरे बांडगूळ जवळून पाहिले आहे? त्याचे बी हातात घेऊन रुजवले आहे? फार थोड्यांनी.

म्हणून या पानावर आम्ही एक बिनखर्चाचा प्रयोग देत आहोत. बांडगुळाचे बी घरच्या फांदीवर लावायचे आणि ते काय करते ते मुलाबाळांसह पाहायचे. त्याला कुंडी लागत नाही, माती लागत नाही आणि खतही लागत नाही. लागते ती फक्त एक फांदी, एक पिकलेले फळ आणि चिकाटी.

ओळख पटवा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने पूर्वेला निघालो की हडपसरच्या पुढे लोणी काळभोर लागते. एका अंगाला मुळा-मुठा नदी, गावाच्या शिवारातून गेलेला मुठा उजवा कालवा, तेल कंपन्यांचे डेपो, टँकरची वर्दळ आणि या सगळ्यात टिकून राहिलेले बांधावरचे आंबे. अशा एखाद्या जुन्या आंब्याखाली उभे राहून वर पाहा. आंब्याची पाने लांब व टोकदार असतात. मधेच एखाद्या फांदीवर जाड, रुंद, करड्या हिरव्या पानांचा वेगळाच झुपका दिसेल. तेच बांडगूळ. जिथे ते फांदीला चिकटते तिथे गाठ आलेली असते. बहराच्या दिवसांत त्याला नारिंगी-तांबड्या, नळीसारख्या लांबट फुलांचे घोस लागतात.

शास्त्रज्ञ याला 'डेंड्रोफ्थी फल्काटा' म्हणतात. आपल्या देशात ते आंब्यापासून कडुनिंबापर्यंत शेकडो जातींच्या झाडांवर वाढते. युरोपात नाताळच्या सणाला दारात टांगतात ते 'मिसलटो' याच्याच नात्यातले. इंग्लंडात टेनबरी वेल्स या गावी त्याच्या जुड्यांचा लिलाव होत आला आहे आणि तिथले हौशी लोक परसातल्या सफरचंदाच्या झाडावर त्याचे बी मुद्दाम लावतात. आपल्याकडे मात्र ते कोणी लावत नाही. ते आपोआप येते. पण आपोआप म्हणजे कसे?

पाखराची पेरणी

याचे उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधले गेले. थोर पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांनी कोकणात बसून आंब्यावरच्या बांडगुळाकडे येणारी पाखरे पाहिली आणि १९३१ साली मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यावर लेख लिहिला. शिंजीर पक्षी मध पिण्यासाठी फुलांकडे येतो, त्याच्या चोचीला पराग लागतो आणि फळ धरते. फळ पिकले की येतो फुलटोच्या. चिमणीपेक्षाही लहान, राखी रंगाचे हे पाखरू. त्याचे मुख्य खाणे हीच फळे.

फळाच्या आत एकच बी असते आणि त्याला डिंकासारखा चिकट लेप असतो. बी पाखराच्या पोटातून बाहेर पडले तरी हा लेप सुटत नाही. ते पाखराच्या अंगाला चिकटते, म्हणून पाखरू बूड फांदीवर घासते. बी फांदीला चिकटून राहते. झाली पेरणी! जमिनीवर पडलेले बी वाया जाते, फांदीवरचे जगते. भिंतीवर उगवलेला पिंपळ आपण सर्वांनी पाहिला आहे, तोही पाखरानेच पेरलेला असतो. फरक एवढाच की पिंपळाला मातीत मुळे धाडता येतात, बांडगुळाला ते साधत नाही.

बी कसे लावावे?

फुलटोच्याचे हे काम आपल्याला बोटांनी करायचे आहे.

१) फांदी आधी ठरवा. हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. पुढेमागे जी छाटायचीच आहे अशी, बोटाएवढ्या जाडीची, कोवळ्या सालीची, उजेडातली फांदी निवडा. झाड आपले स्वतःचे असावे. शेजाऱ्याच्या, शाळेच्या किंवा रस्त्याकडेच्या झाडावर हा प्रयोग करू नये.

२) पूर्ण पिकलेली, मऊ झालेली ताजी फळे घ्या. शक्यतो ज्या जातीच्या झाडावरची फळे, त्याच जातीच्या झाडावर बी लावा. आंब्यावरचे आंब्याला.

३) फळ चिमटीत दाबा. साल सुटून चिकट बी बाहेर येईल. ते धुऊ नका, तो चिकटपणाच त्याचे बळ आहे. साल न काढता अख्खे फळ लावले तर बी रुजत नाही.

४) बी फांदीच्या बाजूला किंवा खालच्या अंगाला हलकेच टेकवा. सालीला चीर देऊ नका, खाच पाडू नका. लेप वाळला की बी घट्ट बसते.

५) एकच बी लावून थांबू नका. दहा-बारा बिया थोड्या थोड्या अंतरावर लावा. काही मुंग्या नेतील, काही वाळतील. जवळ रंगीत दोरा बांधा आणि वहीत तारीख लिहा.

६) एक बी मुद्दाम काचेच्या बाटलीवर चिकटवा.

फळे मुलांच्या तोंडात जाऊ देऊ नका आणि काम झाले की हात धुवा.

पुढे काय होते ते पाहण्यासारखे आहे. काही दिवसांतच बियातून हिरवा कोंब निघतो. तो आभाळाकडे जात नाही, वळून फांदीकडे येतो. टोक सालीला टेकले की चकतीसारखे पसरते आणि त्या चकतीखालून सालीत शिरकाव होतो. बाटलीवरच्या बियालाही कोंब फुटतो! तोही काचेला टेकतो, पण आत जायला वाट नाही. काही दिवस तो स्वतःतल्या शिदोरीवर हिरवा राहतो, मग सुकतो. फांदीवरचे बी सालीत शिरले तरी लगेच वाढत नाही. पहिली पाने यायला महिने लागतात. मुलांना धीर शिकवायला याहून चांगला धडा नाही.

झाडाचे काय?

आता नुकसानीचे बोलू. लोणी काळभोरमधल्या एका ताईंच्या दारात एकच आंबा आहे. उन्हाळ्यात त्याची सावली हीच त्यांची ओसरी, आणि कैऱ्या विकून मुलांच्या वह्या-पुस्तकांना हातभार लागतो. त्या आम्हाला म्हणाल्या, "भाऊ, त्या वरच्या फांदीला दोन वर्षं झाली, एक कैरी नाही. पोरगा म्हणतो तोडू नको, फुलं छान येतात. मी काय करू?"

ताईंची काळजी खरी आहे. बांडगुळाची पाने हिरवी असतात, म्हणजे उन्हात ते स्वतःचे अन्न स्वतः तयार करते. पण पाणी आणि क्षार ते झाडाकडूनच ओढते. उन्हाळ्यात पाणी कमी पडले की आंबा आपल्या पानांची रंध्रे मिटून पाणी जपतो. बांडगूळ मात्र ओढतच राहते. त्यामुळे गाठीच्या पुढची फांदी अशक्त होते, फळ धरत नाही, शेवटी वाळते. झुपके वाढत गेले तर जुने झाडही खचते.

उपाय सोपा आहे, पण अर्धवट करून चालत नाही. नुसता झुपका ओरबाडला तर आत शिरलेला भाग पुन्हा फुटतो. शिवाय हे बांडगूळ सालीवरून मुळांसारखे धागे पसरवते व जागोजागी नव्याने शिरते. म्हणून गाठीच्या बऱ्याच खालून, हातभर अंतर सोडून, निरोगी लाकडात फांदी कापावी. फळे पिकण्याआधी कापली तर बी पसरत नाही. उंच फांदीवर अनुभवी माणसालाच चढवावे आणि विजेच्या तारा पाहून काम करावे.

ताईंना आम्ही सांगितले, "मोठ्या फांद्यांवरचे झुपके आधी काढा. कडेच्या एका फांदीवर एक लहान झुपका राहू द्या, पोराला पाहू द्या. वाढू लागला की तोही काढा."

एक तरी का ठेवावे?

कारण बांडगुळावर इतरांचेही पोट आहे. पांढऱ्या पंखांवर काळ्या रेघा आणि खालच्या अंगाला पिवळा रंग व लाल ठिपके असे 'हळदीकुंकू' नावाचे फुलपाखरू आपण सर्वांनी पाहिले आहे. त्याच्या अळ्या बांडगुळाच्या पानांवर वाढतात. बांडगूळ नाही तर हळदीकुंकू नाही. शिंजीर आणि फुलटोच्या तर आहेतच.

ऑस्ट्रेलियात डेव्हिड वॉटसन या शास्त्रज्ञाने काही रानांतले सगळे बांडगूळ काढून टाकले आणि पक्षी मोजले. २०१२ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत त्या रानांतून, रानावरच अवलंबून असलेल्या पक्ष्यांच्या चौथ्या हिश्शाहून अधिक जाती निघून गेल्या होत्या. पुढे त्याच देशातल्या मेलबर्न शहरात पाखरांना आसरा मिळावा म्हणून रस्त्याकडेच्या झाडांवर बांडगुळाच्या बिया हाताने लावण्यात आल्या. जे आपण फुकटे म्हणून हिणवतो, ते तिकडे पेरले जाते!

याचा अर्थ दारातला आंबा मरू द्यावा असा नाही. शेकडो झाडांचे रान आणि एका कुटुंबाचे एकुलते झाड यांत फरक आहे. कोणता झुपका काढायचा आणि कोणता ठेवायचा हे पाहून ठरवावे. भीतीने ठरवू नये आणि लोभानेही ठरवू नये.

लोभाचे सांगायचे कारण आहे. अमुक नक्षत्रावर तोडलेले अमुक झाडाचे बांडगूळ पेटीत ठेवा, पैसा कमी पडणार नाही, असे सांगून काही भोंदू काडीचा तुकडा मोठ्या किमतीला विकतात. त्यांच्यापासून सावध राहा. बी पाखराच्या बुडाला चिकटून आले हे ज्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तो ही काडी विकत घेणार नाही. तसेच कोणी औषध म्हणून बांडगुळाचा काढा सुचवला तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.

आणि तो शब्द?

कुंपणावर पसरणारी पिवळी अमरवेल पाहा. तिला हिरवी पाने नाहीत, ती सगळेच दुसऱ्याचे घेते. तरी तिला नाव मिळाले अमर! ज्याला लोक सुगंधी म्हणून मान देतात तो चंदनही बांडगुळाच्याच गणातला. जमिनीखाली तो शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी व क्षार घेतो. म्हणूनच रोपवाटिकेत चंदनाच्या रोपाशेजारी तूर लावतात. चंदनाची चोरी मातीखाली असल्याने दिसत नाही, बांडगूळ उघड्यावर बसते म्हणून शिवी त्याच्या वाट्याला आली.

कोण कोणाचे किती घेतो हे नावावरून कळत नाही, मुळे कुठे गेली आहेत ते पाहावे लागते. हा प्रयोग मुलांनी स्वतः करावा ही आमची इच्छा आहे. उद्या शाळेत कोणी त्यांना 'बांडगूळ' म्हणून हिणवले तर मान खाली घालण्याचे कारण नाही. त्यांनी शांतपणे विचारावे : "तुम्ही कधी बांडगुळाचे बी रुजवले आहे का? आम्ही रुजवले आहे, सांगू का ते कसे वाढते?"

हिवाळा सरता सरता फळांवर लक्ष ठेवा. फुलटोच्या झाडावर वारंवार येऊ लागला की फळे पिकली असे समजा. वही तयार ठेवा आणि काय दिसले ते आम्हाला अवश्य लिहून कळवा.