सात प्रश्न

रविवारची रात्र, साडेआठ. घाटकोपर पूर्वेला माता रमाबाई आंबेडकर नगरातल्या बुद्धविहाराचा पोटमाळा हीच इथल्या मुलांची अभ्यासिका. जिन्याखाली चपलांची रास, वर सतरंजीवर अकरा जण आणि कानावर हायवेची अखंड घरघर. याच वस्तीत 11 जुलै 1997 रोजी राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात 10 जणांचा बळी गेला. तेव्हा शाळेत असलेला इथला एक मुलगा आज सीए आहे. दर रविवारी तो शिकवायला येतो. सगळे त्याला दादा म्हणतात.

"जय भीम, दादा." माझ्या शेजारची मुलगी घडी घातलेला निकाल पुढे करते. सीए फाउंडेशन, दुसऱ्यांदा नापास. "आईबरोबर कामाला जाते आता. नाही झेपत मला हे."

दादा निकाल उलगडून जमिनीवर ठेवतो. 46, 51, 44, 51.

"चारही पेपरांत चाळिसाच्या वर आहेस. एकूण 200 लागतात, तुझे 192 झाले. आता सराव पेपर काढ, अर्थशास्त्राचा."

तो एका प्रश्नावर पेन्सिल टेकवतो. "कोणतं विधान बरोबर नाही, असं विचारलंय. तू बरोबर असलेलं निवडलंस. हा 'नॉट' वाचलाच नाहीस."

मराठी शाळेतून आलेली ती मुलगी वाकून तो शब्द बघत राहते.

"येत असलेला प्रश्न चुकला की त्याचा एक गुण गेला, वर पाव गुण कापला. झाला सव्वा. असे सात प्रश्न म्हणजे?"

ती बोटांवर मोजते. "पावणेनऊ."

"आणि तुला कमी किती पडले?"

"आठ." ती पुन्हा मोजते.

दादा भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघतो. "रुपयावरचा प्रबंध लंडनच्या परीक्षकांनी त्यांनाही दुरुस्त करायला लावला होता. 1923 मध्ये पुन्हा सादर केला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. मिळवली."

मुलगी पेन्सिल मागून घेते. पुढच्या प्रश्नातल्या 'नॉट'भोवती गोल करते, मग उत्तर शोधते.

'जिद्द सोडू नकोस' म्हणणारे या मुलांना पुष्कळ भेटतात. शेजारी बसून नेमकी चूक दाखवणारं माणूस मिळत नाही, कारण घरात त्या परीक्षेला आधी कुणी बसलेलंच नसतं. तुम्ही सीए, वकील, डॉक्टर, परिचारिका असाल, तर आठवड्यातली एक संध्याकाळ जवळच्या अभ्यासिकेला द्या. आठ गुणांनी राहिलेलं कुणीतरी तिथे वाट बघत असतं.