दाबलं की सोडियमच्या आरपार दिसतं!

सोडियम म्हणजे सुरीने कापता येईल असा मऊ, चकचकीत धातू. तो दोन हिऱ्यांच्या टोकांमध्ये धरून दाबतच गेलं तर? 2009 साली संशोधकांनी हेच केलं. हिरा पारदर्शक, त्यामुळे आतला रंग बदलताना दिसत होता: आधी काळा, मग लालसर, आणि वातावरणाच्या सुमारे 20 लाख पट दाबाला सोडियम चक्क पारदर्शक! अणू इतके दाटीवाटीने बसतात की एरवी मोकाट फिरणारे इलेक्ट्रॉन त्यांच्या मधल्या फटींत कोंडले जातात. वीज वाहणं बंद, धातूचा झाला विद्युतरोधक. खरं तर दाबलं की पदार्थ धातूसारखे वागू लागतात अशी सर्वसाधारण अपेक्षा. इथे सगळं उलटंच.

मला मात्र लोखंडाची गोष्ट जास्त आवडते. वातावरणाच्या साधारण 1.3 लाख पट दाबाला त्याच्या अणूंची मांडणी बदलते आणि चुंबकत्व गायब होतं. 2001 मध्ये जपानी संशोधकांनी असं दाबलेलं लोखंड 2 केल्विनच्याही खाली थंड केलं, तर ते अतिवाहक झालं! चुंबकत्व आणि अतिवाहकता या दोन गुणांचं एरवी फारसं पटत नाही. एकाने जागा सोडली तेव्हा कुठे दुसऱ्याला शिरकाव मिळाला.