विश्लेषण : रंगीत फिल्मचा रोल घरी धुता येतो का?

फिल्म कॅमेरे पुन्हा तरुणांच्या हाती दिसू लागले आहेत. पुण्यात असा कॅमेरा घेऊन बाहेर पडणाऱ्याला मंडई टाळता येत नाही. १८८६ मध्ये सुरू झालेली ही वास्तू, तिचा अष्टकोनी मनोरा, भाज्यांचे ढीग, फुलांच्या टोपल्या यांत ३६ फोटोंचा रोल बघता बघता संपतो. प्रश्न त्यानंतर सुरू होतो. पूर्वी रोल कोपऱ्यावरच्या स्टुडिओत धुवायला टाकला जाई. आता रंगीत रोल धुणाऱ्या लॅब मोजक्याच उरल्या आहेत. मग हे काम घरी होऊ शकते का?

निगेटिव्हवर रंग कसे उमटतात?

रंगीत फिल्ममध्ये प्रकाशाला प्रतिसाद देणारे चांदीच्या क्षारांचे प्रमुख थर असतात. एक निळ्या, एक हिरव्या आणि एक लाल प्रकाशासाठी. डेव्हलपर या क्षारांवर काम करतो तेव्हा त्या-त्या थरात उलट रंग तयार होतो. म्हणून लाल टोमॅटो निगेटिव्हवर निळसर हिरवा, हिरवी कोथिंबीर जांभळट गुलाबी, तर पिवळा झेंडू निळा दिसतो. सगळ्यावर असलेली नारिंगी झाक हा दोष नसतो. प्रिंट काढताना रंग शुद्ध यावेत म्हणून ती मुद्दाम ठेवलेली असते.

सी-४१ म्हणजे काय?

कोडॅक कंपनीने १९७२ मध्ये आणलेली ही प्रक्रिया पुढे रंगीत निगेटिव्हसाठी जगभर रूढ झाली. कंपनी कोणतीही असो, रोलवर ‘सी-४१’ लिहिले असेल तर पद्धत तीच. स्लाइड फिल्मची ‘ई-६’ प्रक्रिया वेगळी असते. सिनेमाच्या फिल्मवर पाठीमागे काळा थर असेल, तर ती नेहमीच्या सी-४१ यंत्रात घालू नये. थर सुटून केमिकल आणि इतरांचे रोलही खराब होतात.

घरी पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी अंधाराची. रंगीत फिल्मला लाल दिवाही चालत नाही. पूर्ण काळोखात किंवा प्रकाश न शिरणाऱ्या पिशवीत हात घालून फिल्म रिळावर गुंडाळायची आणि टाकीत बंद करायची. त्यानंतरचे काम उजेडात होते. डेव्हलपर ३८ अंश सेल्सिअसला, ३ मिनिटे १५ सेकंद. मग ब्लीच आणि फिक्सर; घरगुती किटमध्ये हे दोन्ही बहुधा एकाच द्रावणात असतात. त्यानंतर वाहत्या पाण्यात धुणे, शेवटी स्टॅबिलायझर आणि धूळ नसलेल्या जागी वाळवणे. किटवर दिलेली वेळ वेगळी असेल तर तीच पाळावी.

तापमानाला इतके महत्त्व का?

डेव्हलपर वरच्या थरापर्यंत आधी आणि खालच्या थरापर्यंत शेवटी पोचतो. तापमान किंवा वेळ चुकली की थरांमधला तोल बिघडतो. सावलीत एक रंगछटा आणि उजेडात दुसरी, असा दोष आला तर संगणकावरही तो पुरता निघत नाही. उपाय साधा आहे: बाटल्या आणि टाकी गरम पाण्याच्या बादलीत ठेवायची आणि चांगला थर्मामीटर वापरायचा. पुण्याचा पारा एप्रिलमध्ये अनेकदा ३८ अंशांच्या आसपास असतो, त्यामुळे बादलीतले पाणी लवकर निवत नाही. डिसेंबरच्या थंडीत मात्र सतत गरम पाणी घालावे लागते. पावसाळ्यात दमटपणामुळे फिल्म रिळावर चिकटते, म्हणून रिळ आधी खडखडीत कोरडे करावे.

कपाटातला जुना रोल घरी धुवावा का?

अनेक घरांत न धुतलेला एखादा रोल सापडतो. त्यावर लग्न असेल, विसर्जन मिरवणूक असेल किंवा आता नसलेले कुणी. उष्णतेत पडून राहिल्याने त्यावरचे चित्र पुसट झालेले असू शकते. तरी काही ना काही उमटण्याची शक्यता असते. पण रोल एकदाच धुता येतो, चुकले तर दुसरी संधी नाही. म्हणून हात बसवायचा तो नव्या रोलवर, मंडईच्या फोटोंवर. ते बिघडले तर पुढच्या रविवारी पुन्हा काढता येतात. आठवणीचा रोल अनुभवी लॅबकडेच द्यावा.

कोणती काळजी घ्यावी?

रंगीत डेव्हलपरमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होऊ शकते. हातमोजे घालावेत, खिडकी उघडी ठेवावी. मोजपात्र, नरसाळे, चमचा वेगळे ठेवावे. ते पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नयेत. द्रावण शीतपेयाच्या बाटलीत तर कधीच भरू नये, कारण मुले ते पिऊ शकतात. फिल्ममधली जवळपास सगळी चांदी वापरलेल्या फिक्सरमध्ये उतरते आणि ती पाण्यातल्या जीवांना घातक असते. पेठेतल्या गटारात ओतलेले शेवटी मुठेपर्यंत जाऊ शकते. त्यामुळे ते चिठ्ठी लावलेल्या कॅनमध्ये साठवावे आणि चांदी काढून घेणाऱ्यांकडे किंवा लॅबकडे सोपवावे.

निगेटिव्ह किती टिकते?

चांदी निघून गेल्यावर निगेटिव्हवर उरतात ते फक्त रंग, आणि ते हळूहळू फिके पडतात. म्हणून वाळलेली पट्टी कोऱ्या स्लीव्हमध्ये, कोरड्या आणि थंड जागी ठेवावी. स्कॅन करून झाले तरी निगेटिव्ह फेकू नये. मूळ फोटो तोच असतो.