सायकल लहान नव्हती, सीट खाली होती

रविवारी सकाळी मांडव्याच्या जेट्टीवर उभे राहिले की रो-रो बोटीतून मोटारींच्या मागोमाग सायकलवालेही उतरताना दिसतात. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही बोट सुरू झाली आणि मुंबईच्या हौशी सायकलस्वारांना अलिबागचा रस्ता जवळ आला. त्यांच्यापैकी एकाशी गप्पा मारताना कळले, की मुंबईत सायकल माणसाच्या मापाला जुळवून देणारे तज्ज्ञ असतात आणि त्या कामाचे काही हजार रुपये घेतात. आम्ही हसलो. कपड्याचे माप शिंप्याकडे द्यावे, सायकलचे कसले माप?

ते हसू पावसाळ्यानंतर आमच्याच अंगाशी आले.

आमची मुलगी नववीत आहे. शाळा घरापासून पाच किलोमीटर. तिच्या मामेभावाची जुनी सायकल तिला मिळाली, तेव्हा घरात ईद झाल्यासारखे वाटले. पण महिनाभरातच ती संध्याकाळी गुडघा चोळत बसू लागली. एक दिवस म्हणाली, "अब्बा, उद्यापासून मी रिक्षानेच जाते. सायकल नको."

रिक्षाचे रोजचे जाऊन-येऊन भाडे आम्हाला परवडणारे नव्हते. त्यात दादीला निमित्तच मिळाले. "मी आधीच सांगत होते, पोर मोठी झाली, आता सायकल कशाला? पाय दुखतात ते उगाच नाही." प्रश्न एका गुडघ्याचा राहिला नव्हता. रिक्षा न मिळालेल्या दिवशी शाळा बुडणार आणि असे दिवस वाढत जाणार, हे आम्हाला दिसत होते.

डॉक्टरांनी गुडघा तपासला. दोष काही नव्हता. त्यांनी एकच विचारले, "सायकलची सीट किती उंच आहे?" आम्ही कधी पाहिलेच नव्हते.

पुस्तक, भिंत आणि टेप

घरी येऊन आम्ही माप घेतले. यासाठी लागते ती एक भिंत, एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक आणि शिवणाची टेप. अनवाणी, पाठ भिंतीला लावून उभे राहायचे, पायांत वीतभर अंतर ठेवायचे. पुस्तक दोन्ही पायांच्या मध्ये धरून, कणा वरच्या बाजूला ठेवून, सीटवर बसल्यासारखा दाब येईल इतके वर सरकवायचे. पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचे अंतर म्हणजे पायाचे आतले माप. मुलींचे माप आईने किंवा बहिणीने घ्यावे. आमच्याकडे तिच्या अम्मीने घेतले. ७२ सेंटिमीटर भरले.

या मापाला ०.८८३ ने गुणायचे. हा आकडा फ्रान्सची प्रसिद्ध शर्यत तीनदा जिंकणारा अमेरिकन सायकलपटू ग्रेग लेमाँड याच्या नावाने ओळखला जातो. येणारे उत्तर म्हणजे पायडल जिथे फिरतात त्या मधल्या धुरीपासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचे अंतर. आमच्या मुलीसाठी ते ६३.६ सेंटिमीटर आले. तिची सीट प्रत्यक्षात होती ५६ वर! पायडल मारताना गुडघा दर फेऱ्याला नको इतका वाकत होता आणि सगळा भार गुडघ्याच्या वाटीवर येत होता.

मात्र हा हिशेब शर्यतीचे बूट घालणाऱ्यांचा आहे. चपला-सँडल घालणाऱ्यांनी एक-दोन सेंटिमीटर कमीच धरावे आणि शेवटचा निकाल टाचेवर सोडावा. सायकल भिंतीला टेकवून सीटवर बसायचे, पायडल सर्वात खाली आणून त्यावर टाच ठेवायची. पाय अगदी सरळ झाला पाहिजे, पण कंबर एका बाजूला कलता कामा नये. मग पायाचा पुढचा रुंद भाग पायडलवर ठेवला की गुडघा आपोआप किंचित वाकलेला राहतो. तेच बरोबर. आमच्या मुलीचे ६२ वर जुळले.

गंजलेली दांडी

माप कळले, पण सीट वर येईना. समुद्राच्या खाऱ्या हवेने सीटखालची दांडी चौकटीत गंजून धरली होती. मामेभावानेही ती म्हणूनच कधी हलवली नसावी. आम्ही हातोडा उचलला, तोच शेजारचे मिस्त्रीचाचा म्हणाले, "ठोकू नका, पाइप फाटेल. तेल सोडा आणि रात्रभर विसरून जा." दांडीच्या कडेने गंज सोडवणारे तेल सोडले. सकाळी नट पूर्ण ढिला करून सीट दोन्ही हातांनी डावी-उजवीकडे फिरवली. तिसऱ्या प्रयत्नात करकर करत दांडी सुटली.

दांडी बाहेर आल्यावर कळले की ती आखूड आहे. प्रत्येक दांडीवर एक खूण असते. त्या खुणेच्या वर दांडी चौकटीबाहेर काढायची नसते, नाहीतर वाकून किंवा मोडून माणूस पडतो. लांब दांडी घ्यायला जाताना जुनी बरोबर न्यावी. जाडीत मिलिमीटरच्या अंशाचा फरक असला तरी ती बसत नाही किंवा हलत राहते. नवी बसवताना तिला ग्रीस लावावे आणि किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी दर दोन-तीन महिन्यांनी एकदा सैल करून पुन्हा आवळावी. म्हणजे ती धरत नाही.

मग सीट, हँडल आणि ब्रेक

सीट आडवी, सपाट असावी. नाक खाली झुकले तर सगळा भार हातांवर येतो, वर उचलले तर नाजूक जागी दाब पडून बधिरपणा येतो. पुढे-मागे सरकवण्यासाठी दोऱ्याला एक नट बांधा. दोन्ही पायडल आडव्या रेषेत आणून पुढच्या गुडघ्याच्या वाटीखालून दोरा सोडा. तो साधारण पायडलच्या मध्यावर आला पाहिजे.

हँडल रोजच्या वापराला सीटच्या बरोबरीचे किंवा थोडे वर असावे. कोपर किंचित वाकलेले राहिले पाहिजे. हँडलच्या दांडीवरही तशीच खूण असते, तीही ओलांडू नये. शेवटी ब्रेक. मुठीवरून बोटे न सोडता दांडीपर्यंत पोहोचतात का, ते पाहा. बऱ्याच सायकलींच्या ब्रेकच्या दांडीला छोटा स्क्रू असतो, तो फिरवला की दांडी जवळ येते.

मुलींच्या कपड्यांचीही सोय पाहावी. चेनवर पूर्ण कव्हर आणि मागच्या चाकाला जाळी असली की सलवार, ओढणी किंवा बुरखा अडकत नाही.

उंच सीटची भीती

सीट वर गेल्यावर मुलगी घाबरली. "अब्बा, पाय जमिनीला लागत नाही!" बहुतेक घरांत याच भीतीने सीट खाली ठेवतात. खरे तर थांबताना सीटवर बसून राहायचेच नसते. ब्रेक दाबून सीटवरून पुढे उतरायचे आणि एक पाय जमिनीवर टेकायचा. आम्ही सीट एकदम नाही, दर दोन दिवसांनी एकेक सेंटिमीटर वाढवली. असरनंतर अंगणात सराव केला. दोन आठवड्यांत तिला सवय झाली. अगदी शिकाऊ मुलांची सीट मात्र दोन्ही पाय टेकतील अशीच ठेवावी.

आणखी एक. "वर्षभरात वाढेल" म्हणून मुलाला मोठी सायकल घेऊ नये. उभे राहिल्यावर मधल्या नळीच्या वर दोन-तीन बोटे जागा हवीच. सीट हलवता येते, चौकट बदलता येत नाही.

दुखणे काय सांगते?

गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर. पायडल मारताना कंबर डुलत असेल तरीही सीट वर आहे. हाताला मुंग्या आल्या किंवा मान आखडली तर हँडल खाली किंवा लांब आहे. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि चार दिवस चालवून पाहा. तरीही दुखणे राहिले तर डॉक्टरांना दाखवा.

आमचा खर्च असा झाला: लांब दांडी १८० रुपये, चेनकव्हर १५०, तेल आणि ग्रीस मिळून १२०. एकूण ४५० रुपये. पाना चाचांचा.

दादीची समजूत घालायला आम्ही तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टईची गोष्ट सांगितली. १९९० च्या सुमारास तिथल्या साक्षरता मोहिमेत हजारो गरीब बायका सायकल शिकल्या, त्यांत मुस्लिम मुलीही होत्या. लेडीज सायकली कमी पडल्या तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली घेतल्या. दादीने ऐकून घेतले, पण तिला पटले ते दुसऱ्याच गोष्टीने. नातीला न कण्हता घरी येताना दोन आठवडे पाहिल्यावर ती आपल्या काठीकडे बघत म्हणाली, "ही लांब होती तेव्हा माझा खांदा दुखायचा. सुताराने चार बोटे कापली, तेव्हा बरे वाटले. मग सायकलीलाही माप असणारच."

आता दांडीवर मुलीने नेलपॉलिशची बारीक रेघ ओढली आहे. सीट जरा खाली घसरली तर रेघ दिसेनाशी होते आणि ती स्वतःच पाना मागायला येते. त्या रेघेखाली धाकट्यानेही स्वतःची एक रेघ ओढून ठेवली आहे. सध्या तो सहावीत आहे.