दुकानात माणसं किती?

अमेरिकेतल्या मुलानातवंडांचा फोन आला की "इन्शुरन्स" हा शब्द त्यात हमखास येतो. आपल्याला इथे त्याचं नवल वाटतं. इस्रायलमध्ये १९९५ पासून प्रत्येक रहिवाशाला कायद्यानेच आरोग्य विमा आहे. चारपैकी एका कुपत होलीममध्ये नाव घातलं की झालं. नोकरी सुटली तरी डॉक्टर सुटत नाही.

अमेरिकेत हे गाडं नोकरीला जुंपलेलं आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, तिथल्या सरकारने पगारवाढीवर बंधन घातलं. मग कामगार टिकवायला कारखानदार पगाराऐवजी विमा देऊ लागले आणि ती रीत कायमची बसली. मोठ्या कंपनीला ती झेपते. पण २०२४ साली नोकरीतून मिळणाऱ्या कौटुंबिक विम्याचा सरासरी हप्ता वर्षाला २५,५७२ डॉलर होता, एकट्या माणसाचा ८,९५१. छोट्या दुकानदाराने हे कुठून आणायचं? म्हणून पूर्णवेळ ५० माणसांच्या आतल्या धंद्यावर विमा देण्याची सक्ती नाही. तरी आपली पोरं देतात, कारण त्याशिवाय चांगला माणूस टिकत नाही. आणि तो माणूस पुष्कळदा घरचाच असतो.

आमचे एक मावसभाऊ न्यू जर्सीत पुतण्याच्या किराणा दुकानात गल्ल्यावर बसतात. दुकानात सगळी मिळून नऊ माणसं. भाऊ ६५ वर्षांचे झाले तेव्हा त्यांनी मेडिकेअरचा फुकट मिळणारा भाग ए घेतला, पण भाग बी घेतला नाही. त्याला दरमहा पैसे पडतात, आणि दुकानाचा विमा तर होताच! पुढे डोळ्याचा मोतीबिंदू काढला. विमा कंपनीने कळवलं की हे बिल आधी मेडिकेअरने भरायचं, आम्ही फक्त उरलेलं देऊ. भाग बी नसल्यामुळे मेडिकेअरने काहीच दिलं नाही. हजारो डॉलर खिशातून गेले, आणि चुलत्या-पुतण्यात दोन महिने अबोला.

दोघांपैकी कोणीही लबाडी केली नव्हती. नियम असा आहे की मालकाकडे, अर्धवेळ धरून, २० पेक्षा कमी माणसं असतील तर ६५ नंतर पहिला पैसा मेडिकेअर देते आणि दुकानाचा विमा दुसरा. २० किंवा जास्त असतील तर उलट. म्हणजे मोठ्या कंपनीतल्या शेजाऱ्याने "मी काही घेतलं नाही, माझं चाललंय" म्हटलं, तर ते त्याच्यापुरतं खरं. छोट्या दुकानात काम करणाऱ्याने पासष्टी येण्याआधीच भाग बी साठी नाव द्यावं. वाढदिवसाच्या महिन्याआधीचे तीन महिने, तो महिना आणि पुढचे तीन, इतकी मुदत असते. काम चालू असताना नंतरही नाव घालता येतं. पण काम सुटल्यावर आठ महिने उलटले, तर उशिराच्या प्रत्येक वर्षामागे हप्ता दहा टक्क्यांनी वाढतो, आणि तो दंड बहुधा जन्माचा.

यात पुतण्याचाही फायदा होता, पण तो त्याला कोणी सांगितला नाही. छोट्या धंद्याचा हप्ता आजारावरून वाढवता येत नाही, वयावरून वाढतो. म्हातारं माणूस मेडिकेअरवर गेलं की दुकानावरचा भार हलका होतो. शिवाय दुकानाने गट विमा न घेता एक वेगळी सोय करता येते, तिला तिकडे क्यूसेहरा म्हणतात. ५० च्या आतला मालक नोकराने स्वतः घेतलेल्या विम्याचा खर्च करमुक्त परत करतो. २०२५ साठी मर्यादा एकट्याला ६,३५० डॉलर, कुटुंबाला १२,८००. भाग बी चा हप्ताही त्यातून भरता येतो. सरकारची करसवलतही आहे: २५ च्या आत माणसं, पगार बेताचे आणि निम्मा तरी हप्ता मालकाचा, तर दोन वर्षं त्यातला निम्मा खर्च परत मिळू शकतो. फक्त मालकाचे नातेवाईक त्यात धरत नाहीत. मुलगा, भाऊ, काका, पुतण्या सगळे बाद. आपल्या दुकानांत मग उरतं कोण!

विम्याच्या हप्त्यातच मिळणाऱ्या गोष्टी मात्र लोक वापरत नाहीत, याचं आम्हाला जास्त वाईट वाटतं. रक्तदाब, फ्लूची लस, कर्करोगाच्या ठराविक तपासण्या यांना आता बहुतेक विम्यांत वेगळे पैसे पडत नाहीत. पण तपासणीला जायला अर्धा दिवस लागतो, आणि तो कापला जाईल म्हणून माणूस जात नाही. न्यू जर्सीत तर २०१८ पासून प्रत्येक ३० तास कामामागे एक तास आजारपणाची भरपगारी रजा, वर्षाला ४० तासांपर्यंत, सर्वात छोट्या दुकानालाही द्यावीच लागते. डॉक्टरकडे जायलाही ती चालते. ती रजा "मागू नकोस" असं न म्हणता "कधी जातोस?" असं विचारणारा मालक फार खर्च करत नाही. गल्ल्यामागे बसायला एक स्टूल ठेवलं तरी पाठ वाचते. आमच्या मावसभावांना ते स्टूल पहिल्या वर्षी नव्हतं.

त्यांनी आता भाग बी घेतला आहे. हप्ता पुतण्या देतो. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन मेडिकेअरवर झालं, आणि त्या दिवशी गल्ल्यावर पुतण्या स्वतः बसला.