दापोली : छावणीची दुसरी बाजू

दापोलीचे वर्णन आजही कोकणातले थंड हवेचे गाव असेच केले जाते. मग या गावाला ‘कॅम्प’ हे नाव का पडले? १८१८ साली पेशवाई बुडाली आणि इंग्रजांनी दक्षिण कोकणासाठी या पठारावर लष्करी ठाणे वसवले. १८४० मध्ये नियमित फौज हलली. जुन्या सैनिकांची पलटण १८५७ पर्यंत राहिली. पुढेही पेन्शनीवरचे महार सैनिक येथे राहू लागले.

गावाने नाकारलेले अक्षर त्यांना पलटणीने दिले होते. ही इंग्रजांची दया नव्हती; लिहिता-वाचता येणारे हवालदार-सुभेदार फौजेला हवे होते. गरज सरली तसे दार मिटले. १८९२ च्या सुमारास महारांची भरती थांबली. पण दिलेले अक्षर परत घेता येत नाही. १८८६ साली निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर दापोलीस राहिले. १८८८ मध्ये त्यांनी ‘विटाळ विध्वंसन’ लिहिले आणि १८९४ मध्ये भरतीबंदीविरुद्ध अर्ज केला. सुभेदार रामजी सकपाळही निवृत्तीनंतर आपले कुटुंब घेऊन येथेच आले.

छावणीला शिपाई हवे होते. त्या शिपायांतून हक्क मागणारी माणसे उभी राहिली. दापोलीचा हा इतिहास आपणच लिहिला पाहिजे.